बेडूक, पाल आणि देवगांडूळ

माणसानें प्राण्यांना दिलेल्या नांवांपैकीं कांहीं नांवें त्या प्राण्यांची ओळख करून देण्याऐवजीं ती पुसून टाकतात. “उभयचर” आणि “सरपटणारे प्राणी” हीं दोन नांवें त्यांतलींच. जो जमिनीवर आणि पाण्यांत अशा दोन्ही ठिकाणीं वावरतो तो उभयचर, असा अर्थ शब्दावरून निघतो, आणि शाळेंतील मुलें तोच पाठ करतात. परंतु हा अर्थ प्रमाण मानला तर मगर उभयचर ठरेल. कारण ती दिवसाचा बराच भाग काठावर उन्हांत पडून असते व उरलेला पाण्यांत घालविते. उलटपक्षीं सह्याद्रीच्या रानांत झुडुपांवर राहणारे कित्येक चिमुकले बेडूक असे आहेत कीं त्यांचें बालपणहि डबक्यांत जात नाहीं. त्यांना मात्र उभयचर म्हणतां येणार नाहीं. दुसऱ्या नांवाचीहि तीच गत. फांदीवर एकेक पाऊल जपून उचलीत चालणारा सरडगुहिरा हा सरपटणाऱ्यांच्या वर्गांत मोडतो, आणि मातींतून खरोखरीच सरपटत जाणारें देवगांडूळ त्या वर्गांत मोडत नाहीं.

मग हा भेद ठरवावयाचा कशावरून? त्याचें उत्तर पाण्याभोंवतींच फिरतें हें खरें. परंतु प्राणी पाण्यांत राहतो कीं जमिनीवर, हा प्रश्न गौण आहे. आपल्या अंगांतलें आणि आपल्या अंड्यांतलें पाणी तो कोणत्या उपायानें राखतो, हा खरा प्रश्न.

हा भेद थोर पंडितांनाहि एकदम उमगला नाहीं. स्वीडनच्या कार्ल लिनेयस यानें १७५८ सालीं आपल्या “सिस्टेमा नॅचुरी” या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तींत बेडूक, कासवें, सरडे, पाली आणि साप यांना एकाच वर्गांत कोंबलें, आणि त्या वर्गाला नांव दिलें “अँफिबिया”, म्हणजे उभयचर. एवढ्यानें भागलें नाहीं म्हणून कीं काय, शार्क माशालाहि त्यानें त्याच पंक्तीस बसविलें. या सर्व मंडळीबद्दल त्या विद्वानाचें मत फारसें चांगलें नव्हतें. वनस्पतींवर ज्यानें एवढें प्रेम केलें त्यानें या प्राण्यांचें वर्णन मात्र नाक मुरडूनच लिहिलें आहे. पुढें १८०० सालीं अलेक्सांद्र ब्रोंन्यार या फ्रेंच शास्त्रज्ञानें, बाल्यावस्थेंत माशाप्रमाणें कल्ल्यांनीं श्वास घेणें यासारख्या खुणा ध्यानांत घेऊन, बेडकांचा गट सरडे, साप व कासवें यांच्यापासून वेगळा काढला. कालांतरानें त्या गटाचा स्वतंत्र वर्ग झाला.

देवगांडुळाचें कोडें मात्र यानंतरहि पुरतें सुटलें नव्हतें. लिनेयसनें त्याच्या जातभाईंना सापांत घातलें होतें, आणि तें वरवर पाहतां सापासारखेंच दिसतें. १८३१ सालीं योहानेस म्यूलर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाला हॉलंडमधील लायडनच्या संग्रहालयांत जतन केलेल्या अशाच एका प्राण्याच्या पिल्लाच्या मानेवर कल्ल्यांच्या भेगा आढळल्या. सापाच्या पिल्लाला कल्ले कधींच नसतात. त्या दोन भेगांनीं देवगांडूळ सापांच्या गोतांतून उठून बेडकांच्या गोतांत येऊन बसलें.

बेडकाच्या कातडीपासून विवेचनास आरंभ करणें सोयीचें होईल. ही कातडी अगदीं उघडी असते. तिच्यावर खवले नाहींत, केंस नाहींत, पिसें नाहींत. तिच्यांतील असंख्य सूक्ष्म ग्रंथींतून बुळबुळीत रस पाझरत असतो आणि त्यामुळें ती ओली राहते. पाहणाऱ्याला किळस यावी एवढ्यासाठीं कांहीं निसर्गानें ही योजना केलेली नाहीं. या ओल्या कातडीखालीं रक्तवाहिन्यांचें दाट जाळें पसरलेलें असतें. हवेंतला प्राणवायु त्या ओलींत विरघळून थेट रक्तांत शिरतो, आणि रक्तांतील कार्बन डायऑक्साइड वायूचा तर मोठा भाग याच वाटेनें बाहेर पडतो. बेडकाला फुफ्फुसें असतात, परंतु तीं त्याच्या श्वसनाचें एक साधन होत, सर्वस्व नव्हेत. अमेरिकेंत सॅलॅमँडर नांवाच्या शेपटीवाल्या उभयचरांचें एक मोठें कूळ आहे. त्यांतील प्राण्यांना फुफ्फुसें मुळींच नसतात. कातडी आणि तोंडाचें आंतील अस्तर यांवरच त्यांचा जन्म जातो.

बेडूक तोंडानें पाणी पीत नाहीं, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. तो ओल्या मातीवर पोट टेकून बसतो आणि पोटाच्या व मांड्यांच्या खालच्या बाजूची कातडी टिपकागदाप्रमाणें पाणी शोषून घेते. परंतु टिपकागदाला दार नसतें. जी कातडी पाणी आंत येऊं देते ती तें बाहेरहि जाऊं देते. वैशाखाच्या उन्हांत कोरड्या फरशीवर सांपडलेला बेडूक थोड्याच वेळांत सुकूं लागतो. म्हणूनच त्याचा संचार रात्रीचा, पावसांतला, पानांखालच्या गारव्यांतला. आणि उन्हाळ्यांत तो जमिनींत स्वतःला गाडून घेऊन निजतो.

आतां भिंतीवरची पाल पाहावी. तिच्या अंगाला हात लावण्याची हौस कोणाला नसते. तरी तिचें अंग बुळबुळीत नसून कोरडें असतें, हें सांगितलें पाहिजे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या कातडीचा वरचा थर आपल्या नखांच्या व केसांच्या जातीच्या शृंगद्रव्याचा बनलेला असतो, आणि त्याच थरांत मिसळलेलीं स्निग्ध द्रव्यें पाण्याची वाट अडवून धरतात. सापाचे खवले म्हणजे माशाप्रमाणें वरून लावलेल्या सुट्या चकत्या नव्हेत. सलग कातडीलाच पडलेल्या त्या जाड घड्या होत. म्हणूनच साप कात टाकतो ती डोळ्यांवरच्या पारदर्शक झांकणासकट अखंड निघते. कात बेडूकहि टाकतो. पण ती इतकी पातळ असते, आणि तो ती इतक्या तत्परतेनें गिळून टाकतो, कीं सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं.

पाण्याच्या बाबतींत पालीची काटकसर आणखी एका ठिकाणीं दिसते. भिंतीखालीं पडलेल्या तिच्या विष्ठेच्या काळ्या कणाच्या टोकाशीं एक पांढरा ठिपका असतो. तो ठिपका म्हणजे तिचें मूत्र. शरीरांतील त्याज्य द्रव्य ती पाण्यांत विरघळवून फेकीत नाहीं, तर जवळजवळ कोरड्या चुन्यासारखें करून टाकते. घर झाडणाऱ्या गृहिणीला ज्याचा संताप येतो तो ठिपका खरोखर वाळवंटांत राहण्याचा परवाना आहे.

येथें एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. बागेंत कुंड्यांच्या आडोशाला बसणारा, अंगावर पुळ्या असलेला, उड्या मारण्यापेक्षां खुरडत चालणारा जो जाडजूड प्राणी असतो, त्याला भेक म्हणतात. त्याची कातडी बेडकाइतकी ओली नसते आणि पुष्कळजण तिला खवल्यांची समजतात. त्या पुळ्या म्हणजे खवले नव्हेत, ग्रंथी आहेत. आणि डोळ्यांमागें ज्या दोन फुगीर उंचवट्यांसारख्या गांठी दिसतात त्यांत विषारी रस असतो. हा रस त्याला धरूं पाहणाऱ्या कुत्र्याच्या तोंडाला चांगलाच फेंस आणतो. भेक हा सर्वार्थानें उभयचर आहे.

दुसरी एक खूण बोटांच्या टोकांशीं आढळते. एक-दोन अपवाद सोडले तर उभयचरांना नख्या नसतात. सरपटणाऱ्यांना, जेथें पाय आहेत तेथें, बहुधा असतात. दार्जिलिंगच्या बाजूस डोंगरांतील डबक्यांत राहणारा हिमालयी न्यूट हा सॅलॅमँडरांच्या कुळांतला प्राणी दिसण्यांत अगदीं एखाद्या बोजड सरड्यासारखा आहे: तेच चार पाय, तीच शेपटी. त्याची बोटें पाहावींत. तीं गोल व बोथट आहेत, आणि अंगावर खवला म्हणून नाहीं. ही नख्यांची खूण किती जुनी आहे याचा एक मोठा पुरावा २०२५ सालीं प्रसिद्ध झाला. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतांत एक शिळा मिळाली असून तिच्यावर सुमारें साडेपस्तीस कोटी वर्षांपूर्वीं कोणी चिखलांतून चालत गेल्याचे ठसे आहेत, आणि बोटांच्या पुढें नख्यांचे ओरखडे उमटलेले आहेत. हाडाचा तुकडा नाहीं, दांत नाहीं. पण त्या ओरखड्यांवरून सरपटणाऱ्यांच्या घराण्याचा आरंभ पूर्वीच्या समजापेक्षां साडेतीन-चार कोटी वर्षें मागें न्यावा लागला.

श्वास घेण्याच्या रीतींतहि अंतर आहे. स्वस्थ बसलेल्या बेडकाचा गळा सतत खालींवर होत असतो. बेडकाला छातीचा पिंजरा फुगवितां येईल अशा बरगड्या नाहींत. म्हणून तो तोंडांत हवा भरतो आणि भात्याप्रमाणें ती फुफ्फुसांत लोटतो. सरडा, पाल, साप हे बरगड्या हलवून हवा आंत ओढतात, जसे आपण ओढतों. कासवाच्या बरगड्या पाठीच्या ढालींतच मिसळून गेल्यानें त्याला स्नायूंची निराळीच सोय करावी लागली आहे. हृदयाचें म्हणाल तर बेडकाच्या हृदयाला तीन कप्पे. सरडे व साप यांनाहि तीनच, पण तिसऱ्यांत अर्धवट पडदा. आणि मगरीला मात्र सस्तन प्राण्यांप्रमाणें पूर्ण चार.

परंतु या सर्व खुणा एका पारड्यांत टाकल्या तरी अंड्याची खूण भारी ठरेल. पावसाळ्याच्या आरंभीं रस्त्याकडेच्या डबक्यांत साबुदाण्याच्या खिरीसारखा एक गोळा तरंगतांना दिसतो. प्रत्येक पारदर्शक दाण्याच्या मध्यभागीं एक काळा ठिपका असतो. तीं बेडकाचीं अंडीं. त्यांना कवच नाहीं, आंत सांठवलेलें पाणी नाहीं, घाण टाकण्यास जागा नाहीं. प्राणवायु बाहेरच्या पाण्यांतून येतो आणि त्याज्य द्रव्य बाहेरच्या पाण्यांत जातें. डबकें हेंच त्या गर्भाचें उदर. डबकें आटलें कीं गर्भ संपला. नीट पार पडलें तर त्यांतून माशासारखें पिल्लू निघतें. तें कल्ल्यांनीं श्वास घेतें, बहुधा शेवाळ खरवडून खातें, आणि कांहीं आठवड्यांनीं त्याच्या देहाची अशी उलथापालथ होते कीं तिच्यापुढें बहुरूप्यानें हात टेकावे. पाय फुटतात, शेपटी शरीरांतच जिरून जाते, कल्ले जाऊन फुफ्फुसें कामास लागतात, आणि शेवाळावर जगणारें लांबलचक आंतडें आंखडून कीटक पचविण्याजोगें आंखूड होतें.

घरांतल्या पालीचीं अंडीं अगदीं निराळ्या ठिकाणीं सांपडतात. दिवाळीच्या झाडलोटींत भिंतीवरची तसबीर काढली, किंवा कपाट पुढें सरकविलें, कीं मागच्या कोरड्या धुळींत वाटाण्याएवढीं अशीं दोन पांढरीं, टणक अंडीं दिसतात. तेथें पाण्याचा थेंब नाहीं. तरीहि त्या अंड्यांतला गर्भ मजेंत वाढतो, कारण पालीनें डबकें अंड्याच्या आंतच भरून दिलेलें असतें. गर्भाभोंवतीं एक पातळ पिशवी असते, तिच्यांत पाणी असतें, आणि त्या पाण्यांत गर्भ तरंगतो. दुसऱ्या एका पिशवींत त्याचें त्याज्य द्रव्य सांठतें, आणि तीच पिशवी कवचाच्या आंतील बाजूस भिडून श्वासाचेंहि काम करते. तिसरींत बलकाची शिदोरी. वरचें कवच हवेला वाट देतें, पाणी मात्र सहजासहजीं बाहेर जाऊं देत नाहीं. अशा अंड्यांतून माशासारखें पिल्लू निघत नाहीं. निघतें ती आकारानें लहान, बाकी सर्वांगपरिपूर्ण पाल. नागाचें पिल्लू तर कवचाबाहेर येतांच फणा उभारतें, आणि विषासकट.

गर्भाभोंवतींची ही पाण्याची पिशवी आपल्या घरोघरच्या वडीलधाऱ्या बायकांना ठाऊक आहे. गाय वितांना किंवा बाळंतिणीच्या वेळीं जी पाणमोट फुटते ती हीच. साप, पाल, मगर, कासव, कोंबडी, गाय आणि माणूस या सर्वांचा गर्भ पाणमोटींत वाढतो. बेडूक, सॅलॅमँडर आणि देवगांडूळ यांचा वाढत नाहीं. खरी सीमारेषा येथें आहे. ती ओढली म्हणजे असें दिसून येतें कीं पाल बेडकाला जितकी जवळची आहे त्याहून ती माणसाला अधिक जवळची आहे. पाल अंगावर पडली असतां शुभ कीं अशुभ हें पंचांगांत पाहणारांना हें नातें रुचेल किंवा न रुचेल, पण तें आहे.

कवचाच्या या सोयीची एक किंमत सरपटणाऱ्यांना द्यावी लागली. कवच एकदां चढलें कीं नराचें बीज आंत शिरणें शक्य नाहीं. म्हणून फलन मादीच्या शरीरांत, कवच चढण्यापूर्वींच व्हावें लागतें. बहुतेक बेडकांत अंडीं बाहेर पडत असतांनाच नर त्यांवर आपलें बीज सोडतो आणि पुढचें काम पाणी करतें.

समुद्राच्या कांठीं या भेदाचा पडताळा उत्तम येतो. भेक हा जमिनीवर राहणारा प्राणी. परंतु अंडीं घालण्याकरितां तो पाण्याकडे धांवतो. सागरी कासव हें समुद्रांत राहणारें. परंतु अंडीं घालण्याकरितां तें जमिनीवर येतें. रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास, गोव्यांतील मोरजी आणि गालजीबाग येथील वाळूंत ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या माद्या रात्रीं भरतीच्या रेषेच्यावर खड्डा खणतात, शंभराच्या आसपास अंडीं घालतात आणि वाळू सारून परत जातात. तीं अंडीं पाण्यांत घातलीं तर बुडून मरतील, कारण त्यांना हवेंतूनच श्वास घ्यावयाचा असतो. पिल्लें सुमारें दीड ते दोन महिन्यांनीं बाहेर पडतात. आणि त्यांत नर किती व माद्या किती हें वाळूच्या उष्णतेवर ठरतें. वाळू जितकी तापलेली तितक्या माद्या अधिक. खाऱ्या पाण्यांत आयुष्य काढणारे साप व कासवें आहेत. खऱ्या समुद्रांत कायम राहणारा उभयचर एकहि नाहीं. उघड्या कातडीच्या प्राण्याला समुद्राचें मीठ सोसत नाहीं. आग्नेय आशियांतील खाडीच्या चिखलांत खेकडे खाऊन राहणारा एक बेडूक निमखाऱ्या पाण्यापर्यंत मजल मारतो, त्यापलीकडे नाहीं.

निसर्गाला नियम पाळण्याइतकीच ते वांकविण्याचीहि आवड असावी. घोणस आणि फुरसें हे साप अंडीं घालीतच नाहींत. जिवंत पिल्लांना जन्म देतात. उलट सह्याद्रींतील झुडूपबेडकांच्या पुष्कळ जातींत अंडीं ओल्या पानांवर किंवा पालापाचोळ्यांत घातलीं जातात, पिल्लाची माशासारखी अवस्था अंड्यांतच उरकते, आणि बाहेर पडतो तो नखाएवढा पुरा बेडूक. कांहींनीं तर बांबूच्या पेरांत घर केलें आहे. आंबोलीच्या रानांत मिळणारा मलबारी उडता बेडूक पाण्यावर ओणवलेल्या पानांना फेंसाचें घरटें चिकटवितो. पिल्लें त्यांतून टपटप खालच्या पाण्यांत पडतात. या सर्वांनीं डबक्यापासून सुटण्याची खटपट केली. परंतु पाणमोट आणि कवच यांविना ती अर्धीच राहिली. झुडूपबेडकाचें अंडें कोरड्या तसबिरीमागें एक दिवसहि टिकणार नाहीं.

आज पृथ्वीवर उभयचरांच्या नऊ हजारांच्या आसपास आणि सरपटणाऱ्यांच्या बारा हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. जगांतील तज्ज्ञांनीं या दोन्ही वर्गांची पाहणी केली, तींत सरपटणाऱ्यांच्या दर पांच जातींत एक (२०२२), तर उभयचरांच्या दर पांच जातींत दोन (२०२३) नाहींशा होण्याच्या धोक्यांत असल्याचें दिसून आलें. या दुपटीच्या अंतराला कारणें अनेक आहेत, परंतु त्यांतील एक मोठें कारण ती उघडी कातडीच होय. भातखाचरांत फवारलेलें औषध बेडकाला खावें लागत नाहीं. तें त्याच्या पोटाखालच्या टिपकागदांतून आंत जातें. त्याहून भयंकर प्रकार एका बुरशीचा. १९९९ सालीं शास्त्रज्ञांनीं तिचें वर्णन करून तिला नांव दिलें. ही बुरशी कातडींत वाढते आणि रक्तांतील क्षारांचें प्रमाण बिघडवून शेवटीं हृदय बंद पाडते. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, तिच्यामुळें पांचशेंहून अधिक जातींचा ऱ्हास झाला व त्यांपैकीं सुमारें नव्वद जाती नष्ट झाल्या असाव्यात, असा हिशेब मांडला आहे. कातडीचा रोग आपल्याकडे क्षुल्लक समजला जातो. बेडकाच्या बाबतींत कातडी म्हणजे फुफ्फुस आणि पाण्याचा घडा; तेथें रोग म्हणजे मरणच.

मध्य अमेरिकेंतील पनामा देशांत एल कोपे येथें ही बुरशी २००४ सालीं पोंचली आणि रानांतील बेडूक झपाट्यानें गेले. त्या रानांत सापांची मोजदाद आधींपासून चाललेली होती. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालावरून असें दिसलें कीं बेडकांच्या मागोमाग सापांच्या जातीहि कमी झाल्या. सापांना बुरशीनें कांहींच केलें नव्हतें; खवल्यांनीं त्यांचें काम चोख बजावलें होतें. त्यांचें अन्न गेलें होतें, एवढेंच. सह्याद्रींतील बेडकांच्या अंगावरहि ही बुरशी आढळली आहे, परंतु पनामासारखी सामुदायिक मरतूक येथें नोंदलेली नाहीं.

भारतांत बेडकांवर निराळें संकट आलें तें माणसाच्या जिभेमुळें. पावसाळ्यांत नर पिवळाधमक होऊन डरांव डरांव करणारा जो मोठा बेडूक, त्याच्या मागच्या तंगड्या अनेक वर्षें जहाजें भरून परदेशीं जात होत्या. शेतांतले कीटक खाणारा प्राणी असा पोत्यांनीं बाहेर जाऊं लागला तेव्हां तक्रारी झाल्या, आणि १९८७ सालीं ही निर्यात बंद करण्यांत आली. गोव्यांत पहिल्या पावसांत रात्रीं दिवे घेऊन चालणारी बेडकांची चोरटी शिकार मात्र बंदी असूनहि पुरती थांबलेली नाहीं.

आतां उरतें तें देवगांडूळ. कोंकणांत व घाटमाथ्यावर पावसाळ्यांत माती उकरतांना, शेणखताचा ढीग उपसतांना, किंवा मोरीच्या तोंडाशीं, पाय नसलेले तीन प्रकारचे प्राणी पुढ्यांत येतात, आणि लोक तिघांचीहि गल्लत करतात. पहिलें साधें गांडूळ. त्याला कणा नाहीं, जबडा नाहीं. दुसरा वाळा. हा खराखुरा साप आहे, पण लांबीनें वीतभर, जाडीनें बुटाच्या नाडीएवढा, काळसर तपकिरी आणि चकचकीत. हात लावला तर अंग कोरडें. डोकें कोणतें आणि शेपूट कोणतें हें चटकन् कळत नाहीं. डोळे खवल्याखालीं झांकलेले, टिंबासारखे. शेपटीच्या टोंकाला बारीकसा कांटा. मुंग्यांचीं व वाळवीचीं अंडीं हें त्याचें खाणें, आणि तो सर्वथा बिनविषारी. कुंडींतल्या मातींतून त्यानें अर्ध्या जगाचा प्रवास केला आहे. त्याला तें सोपें गेलें याचें कारण असें कीं या जातींत नरच आढळत नाहीं, एकटी मादी अंडीं घालून वंश चालविते.

तिसरें देवगांडूळ. तें वाळ्याहून बहुधा मोठें, जांभळट करड्या रंगाचें, अंगभर वलयें असलेलें आणि बुळबुळीत असतें. तोंडांत जबडा व तीक्ष्ण दांत असतात, शेपूट नसल्यासारखें, डोळा आणि नाकपुडी यांच्या दरम्यान एक बारीक स्पर्शक असतो, तसा दुसऱ्या कोणत्याहि प्राण्यांत आढळत नाहीं. गंमत अशी कीं पुष्कळ देवगांडुळांच्या वलयांच्या खांचांत अतिसूक्ष्म खवले दडलेले असतात. आपल्याकडे आढळणाऱ्या एका कुळाचें शास्त्रीय नांव “इक्थिओफिस”, म्हणजे मत्स्यसर्प, असें आहे. परंतु ते खवले कातडीच्या आंत असतात आणि पाण्याची वाट अडवीत नाहींत. त्याची मादी ओल्या मातींतील बिळांत अंडीं घालते आणि पिल्लें निघेपर्यंत त्यांना विळखा घालून बसते. सिंहलद्वीपांत पाउल व फ्रिट्झ सारासिन या स्विस चुलत-चुलत भावांनीं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीं हें पाहून सविस्तर लिहून ठेविलें. केनियांतील एका जातींत पिल्लें आईच्या अंगावरची पौष्टिक कातडी ओरबाडून खातात व तिला कांहीं इजा होत नाहीं, असें २००६ सालीं उघडकीस आलें. आणि ब्राझीलमधील एका जातीची आई पिल्लांना दुधासारखा रस पाजते, हें तर २०२४ सालीं. महाराष्ट्रांतील देवगांडुळांच्या कांहीं जातींची शास्त्राला ओळख होऊन पाव शतकहि उलटलेलें नाहीं. त्यांपैकीं आंबोलीची एक जात २००३ सालीं प्रसिद्ध झाली.

अशा या प्राण्याला बहुतेक ठिकाणीं फावड्याच्या एका घावानें दोन तुकडे होऊन मरावें लागतें, कारण तें विषारी सापाचें पिल्लू आहे अशी समजूत. ती समजूत चूक आहे. माणसाला त्याजपासून धोका नाहीं. परंतु उलट बाजूची चूक त्याहून महाग पडते. मण्याराचें पिल्लूहि मोरींतून येऊं शकतें, आणि त्याला वाळा समजून उचलणाऱ्याच्या जिवावर बेततें. मण्याराच्या पिल्लाला डोळे स्पष्ट दिसतात, डोकें व शेपूट वेगळें कळतें, आणि काळ्या अंगावर पांढरे आडवे पट्टे असतात. शंका असेल तेथें हात लावूं नये; दूर राहून जाणत्या सर्पमित्रास बोलवावें, आणि दंश झालाच तर वेळ न दवडतां रुग्णालय गांठावें. अंग ओलें, वलयांकित आणि डोळे न दिसणारें असें जें असेल तें मात्र ओल्या पानावर किंवा फावड्यावर अलगद घेऊन सांवलींतल्या ओल्या मातींत सोडून द्यावें. कोरड्या फरशीवर तें फार वेळ जगत नाहीं.